तेलगळती साफ करायला गेलेल्यांची तब्येत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्याच्या एका कारखान्यात ओएचसीत, म्हणजे गेटजवळच्या त्या दवाखान्यात, मी २७ वर्षं नर्स होते. बीपी मोजायचं, फिटनेसचा फॉर्म भरायचा, बोटाला कापलं तर पट्टी. निवृत्त झाले तरी प्रश्न थांबले नाहीत. आता ते खंडेराव मार्केटमध्ये भाजी घेताना येतात, लग्नाच्या पंगतीत येतात, आणि रात्री दहाला फोनवर: “सिस्टर, आमच्या ह्यांना जरा विचारायचं होतं.” तेच ते प्रश्न म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मी डॉक्टर नाही. औषधं इथे सापडणार नाहीत.

बडोद्याला समुद्र नाही. मग तेलगळतीशी आपला काय संबंध?

समुद्र नाही, पण तेल आहे. कोयलीची रिफायनरी १९६५ पासून चालू आहे. कच्छच्या आखातात वाडीनारला जहाजातून उतरणारं क्रूड, म्हणजे कच्चं तेल, पाइपलाइनने इथवर येतं. या धंद्याच्या आजूबाजूला टाक्या धुणारे, स्लज म्हणजे तळाचा गाळ उपसणारे, पाइपलाइनवर खोदाई करणारे ठेकेदार वाढले, आणि शहरातल्या वाडी, बाबाजीपुऱ्यातली आपली मुलं त्यांच्याकडे हेल्पर म्हणून लागली. कुठे तेल सांडलं की याच ठेकेदारांचे फोन वाजतात: माणसं पाहिजेत, उद्या सकाळी. रोजी नेहमीपेक्षा चांगली असते. मुलगा दहा-पंधरा दिवस जाऊन येतो, घरी टीव्हीचा हप्ता फिटतो, आणि विषय संपतो. खाडीत सांडलेलं असो की शेतातून जाणाऱ्या पाइपमधलं, अंगावर येतं ते तेल एकच.

तेलात असतं तरी काय?

शेकडो रसायनं. तब्येतीपुरतं बोलायचं तर तीन प्रकार ध्यानात ठेवा. पहिला प्रकार भुर्रकन उडणाऱ्यांचा: बेन्झीन, टोल्युईन, झायलीन, हेक्झेन. हे नाकातून आत जातात आणि डोकं, मज्जासंस्था, रक्त यांना त्रास देतात. दुसरा प्रकार जड आणि चिकट, ज्यांना पीएएच म्हणतात: बेन्झोपायरीन वगैरे. हे सहज उडत नाहीत. कातडीवर बसतात, हाताला लागून तोंडात जातात. काळ्या हातांनी गाडीवरची शेव-उसळ खाल्ली की शेवेबरोबर हेही पोटात गेलं.

तिसरा हायड्रोजन सल्फाइड, गंधक जास्त असलेल्या क्रूडमधून निघणारा, सडक्या अंड्याच्या वासाचा. याची गोम अशी की हवेत साधारण १०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत शंभर, झाला की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. टाकीत किंवा खड्ड्यात उतरणाऱ्याने “वास गेला, म्हणजे गॅस गेला” असं कधीही धरू नये. हा दूरगामी आजारांची वाट बघत नाही, जागीच मारतो.

पहिल्या दिवशी गेलेला आणि महिन्याने गेलेला, दोघांना धोका सारखाच का?

नाही. हलक्या क्रूडचा पाऊण हिस्सासुद्धा पहिल्या काही दिवसांत उडून जाऊ शकतो, जड तेलाचा जेमतेम दहावा. म्हणून सुरुवातीला हवेत बेन्झीन जास्त असतं आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत पोचलेल्याच्या छातीत सगळ्यांत जास्त जातं. महिन्याने जाणाऱ्याला वास कमी येतो, पण त्याच्या वाट्याला डांबरासारखा लगदा येतो, तो कातडीला चिकटतो.

एक काम मात्र कधीही केलं तरी वाईटच: तेल लागलेल्या होड्या, बूम (पाण्यावर तेल अडवणारे तरंगते पट्टे), बूट प्रेशरच्या पाण्याने धुणं. तुषारांबरोबर तेल हवेत उडतं. १९८९ साली अलास्कात एक्सॉन वाल्डीझ जहाज फुटलं तेव्हा किनाऱ्याचे दगड गरम पाण्याच्या फवाऱ्यांनी धुतले आणि त्या धुक्यात माणसं दिवसभर उभी होती. साधारण ११,००० कामगार होते. पुढे त्यांची तब्येत वर्षानुवर्षं पाहणारा एकही मोठा अभ्यास झाला नाही. जगाला हे शहाणपण नंतर सुचलं.

काम करताना डोकं दुखायचं, मळमळायचं, डोळे चुरचुरायचे. घरी आल्यावर चार दिवसांत बरं वाटलं. मग संपलं ना?

बहुतेकांचं संपतं. सगळ्यांचं नाही.

नोव्हेंबर २००२ मध्ये स्पेनच्या गॅलिसियासमोरच्या समुद्रात प्रेस्टीज नावाचं टँकर बुडालं. ६०,००० टनांहून जास्त जड इंधन तेल सांडलं आणि त्यातलं बरंच किनाऱ्यावर आलं. मासेमारी बंद पडली, तेव्हा मच्छीमारच बादल्या घेऊन साफसफाईला उतरले. पुढे तिथल्या संशोधकांनी ६,७८० मच्छीमारांना प्रश्न विचारले. साफसफाई करून वर्षाहून जास्त काळ उलटला होता, तरीही जे उतरले होते त्यांच्यात घरघर, खोकला, धाप लागणं हे न उतरलेल्यांपेक्षा जास्त होतं. जितके जास्त दिवस, जितके जास्त तास, जितकी वेगवेगळी कामं, तितका त्रास जास्त. वेळ गेला तसा त्रास कमी होत गेला हेही त्यात दिसलं, आणि ते मी मुद्दाम सांगते, कारण इंटरनेटवर हे वाचून रात्रभर न झोपलेला एकजण माझ्या ओळखीचा आहे.

त्यांनीच आणखी एक बारीक अभ्यास केला. कधीही सिगरेट न ओढलेले ५०१ साफसफाईवाले आणि १७७ साफसफाईला न गेलेले मच्छीमार घेतले. काम संपून दोन वर्षं झाली होती. साफसफाईवाल्यांच्या श्वासात फुफ्फुसांना इजा झाल्याच्या खुणा जास्त सापडल्या, आणि रक्ताच्या पेशींमधल्या गुणसूत्रांत मोडतोडही जास्त. गुणसूत्रांतल्या खुणा सहा वर्षांनंतरच्या तपासणीतही दिसल्या. अशी मोडतोड म्हणजे कॅन्सर नव्हे. पण डोकेदुखी थांबली म्हणून शरीराने हिशेब बंद केला असं म्हणता येत नाही.

डॉक्टर म्हणतात, दमा विडीमुळे आहे. तेलाचा काही संबंध नाही.

विडी ओढत असाल तर डॉक्टर अर्धे बरोबर आहेत. स्पेनच्या लोकांनी मुद्दाम न ओढणारे निवडले ते याच वादासाठी. विडीचा धूर आणि तेलाची वाफ एकाच फुफ्फुसात जातात. एकाने दुसऱ्याला माफी मिळत नाही. डॉक्टरांशी भांडू नका. एवढंच सांगा की अमुक महिन्यात, अमुक दिवस, क्रूड उपसायला होतो, आणि ते केसपेपरवर लिहायला लावा. केसपेपरवर “बीडी स्मोकर” हे दोन शब्द न विचारता लिहिले जातात, बाकीचं सांगावं लागतं.

दमा, धाप यांबद्दल सगळ्यांत मोठी माहिती कुठली?

अमेरिकेची. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या प्लॅटफॉर्मवर स्फोट झाला. ११ कामगार गेले आणि तेल ८७ दिवस वाहत राहिलं. यावेळी तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने २०११ पासून ३२,६०८ माणसांची नावनिशीवार नोंद केली, हजारोंच्या घरी जाऊन फुफ्फुसं तपासली, रक्त घेतलं. त्याला गल्फ स्टडी म्हणतात. तटरक्षक दलाच्या ८,६९६ जवानांचा वेगळा अभ्यास झाला.

गल्फ स्टडीत दिसलं की गळतीनंतर एक ते तीन वर्षांत साफसफाई कामगारांमध्ये दमा किंवा दम्यासारखी लक्षणं, साफसफाई न केलेल्यांच्या तुलनेत ६० टक्क्यांनी जास्त होती. तेलाच्या वाफेशी जितका जास्त संबंध आला, तितकं प्रमाण चढतं. दुसऱ्या बाजूने, फुंकर मारून मोजायच्या चाचणीत, म्हणजे पीएफटीत, सगळ्या कामगारांची फुफ्फुसं सरसकट खराब निघाली नाहीत. काही विशिष्ट कामं केलेल्यांची क्षमता कमी दिसली आणि पुढच्या काही वर्षांत ती भरून येतानाही दिसली. घरघर खरी आणि रिपोर्ट नॉर्मल, असं होऊ शकतं. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून माणूस नाटक करतो असं सासरच्यांनी ठरवू नये. (हे एका घरासाठी लिहिलंय, त्यांना कळेल.)

हृदयाचा काय संबंध? तेल तर नाकातून जातं.

हा प्रश्न मला सगळ्यांत कमी विचारतात, आणि मला काळजी याचीच जास्त वाटते. गल्फ स्टडीत १८० दिवसांपेक्षा जास्त काम केलेल्यांमध्ये पुढे हार्ट अटॅकचं प्रमाण जास्त सापडलं. उकाड्याने काम थांबवावं लागलं होतं अशांमध्येही. वाफेचा संबंध जास्त आलेल्यांमध्ये रक्तदाब वाढल्याचंही दिसलं. वाफ आणि धुराचे बारीक कण फुफ्फुसातून रक्तात सूज आणतात, ती रक्तवाहिन्यांना भोवते.

आता आपल्याकडचा वैशाख डोळ्यांसमोर आणा. ४३ डिग्री, अंगात नखशिखांत प्लास्टिकचा सूट, गमबूट, आणि सुपरवायझर म्हणतो अजून एक ट्रॉली भरू द्या. अमेरिकेतही गळतीच्या जागी पाहणी केलेल्यांनी उष्णतेला पहिल्या धोक्यांत धरलं होतं. चक्कर येऊन बसलेल्या पोराला पाणी पाजून परत उभं करतात, वहीत काही लिहीत नाहीत. चाळिशीनंतर, घरात हृदयविकार असेल तर, या कामाला जाताना बीपी आणि साखर आधी बघून जा.

कॅन्सर होतो का? खरं सांगा.

बेन्झीनमुळे रक्ताचा कॅन्सर होतो यात शंका उरलेली नाही. जागतिक कर्करोग संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे खात्रीशीर कारणांत, ते आहे. बेन्झोपायरीनही तिथेच आहे. पण ती खात्री वर्षानुवर्षं, बंद जागेत, भरपूर वाफ घेतलेल्या कामगारांवरून आली. उघड्या किनाऱ्यावर दोन आठवडे केलेलं काम आणि टाकीच्या आत दहा वर्षं केलेलं काम यांना एका तराजूत घालू नका. किनाऱ्यावर आठवडाभर गेलेल्या माणसाने कॅन्सरच्या भीतीने झोप घालवू नये. गळतीला जाणारा तोच मुलगा बाकीचं वर्ष टाक्या धुतो, तर मात्र सगळं मिळून मोजा.

दुसरी गोष्ट वेळेची. रक्ताच्या कॅन्सरला काही वर्षं ते दशक लागू शकतं, फुफ्फुस-त्वचेच्या गाठींना वीस वर्षंही. म्हणून २०१० च्या कामगारांचं पूर्ण चित्र अजून उलगडायचं आहे. तोवर न थांबणारा ताप, विनाकारण निळे डाग, हिरड्यांतून रक्त, सतत थकवा असं काही असेल तर साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, करा.

तेल जाळतात, वर औषध मारतात. ते जास्त वाईट का?

डीपवॉटरच्या वेळी समुद्रावरचं तेल ४११ वेळा पेटवून जाळलं. त्या धुरातल्या बारीक कणांचा त्रास वेगळा. “औषध” म्हणजे डिस्पर्संट, तेलाचे बारीक थेंब करून पाण्यात मिसळवणारं. तिथे सुमारे ७० लाख लिटर वापरलं. तटरक्षक जवानांत तेल आणि डिस्पर्संट दोन्हींशी संबंध आलेल्यांना खोकला, घरघर, धाप नुसत्या तेलवाल्यांपेक्षा जास्त होती. फवारणी चालू असताना वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभं राहू नये.

आपल्याकडे असं कुठे झालंय?

मुंबईबाहेर ७ ऑगस्ट २०१० ला एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर झाली. २८ जानेवारी २०१७ ला चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजं आपटली आणि घट्ट झालेलं तेल माणसांनी बादल्यांनी उपसलं. तिथल्याच खाडीत डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पुराबरोबर तेल पसरलं, आणि मच्छीमार पुरेशा साधनांशिवाय होडीत बसून ते गोळा करत असल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले. समुद्रावरच्या गळतीची सूत्रं तटरक्षक दलाकडे असतात, त्यासाठी राष्ट्रीय आराखडा १९९६ पासून आहे. पण बादली धरणाऱ्या हातांची पाच वर्षांनी कोणी चौकशी केली, असा गल्फ स्टडीसारखा अभ्यास आपल्याकडे झालेला नाही.

दक्षिण कोरियात तर डिसेंबर २००७ च्या तेआनच्या गळतीत १२ लाख स्वयंसेवक गेले होते, कॉलेजची मुलंसुद्धा. तिथेही जास्त दिवस साफसफाई केलेल्यांच्या लघवीत पेशींना इजा झाल्याच्या खुणा जास्त मिळाल्या. सेवाभावाने गेलं म्हणून तेल सोडत नाही.

कोविडमधला एन९५ मास्क चालेल?

धुळीला चालेल, वाफेला नाही. वाफेसाठी रबरी मास्क, त्याला ऑर्गॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज (वाफ शोषणारी डबी), आणि ते वेळेवर बदलणं. आतून वास यायला लागला की कार्ट्रिज संपलं. दाढी असेल तर मास्क नीट बसत नाही. हातमोजे नायट्राइलचे, दवाखान्यातले पातळ लॅटेक्सचे तेलात फुगून फाटतात.

तेल निघत नाही म्हणून सगळे रॉकेलने, थिनरने हात धुतात. काही होतं का?

होतं. कातडीचं स्वतःचं तेल निघून जातं, ती फुटते, आणि फुटलेल्या कातडीतून क्रूड आणखी आत जातं. त्यावर वर्षभर खाज. सोपा उपाय घरातच आहे: थोडं सिंगतेल (शेंगदाण्याचं) किंवा कुठलंही खायचं तेल चोळा, फडक्याने पुसा, मग साबण. तेलाला तेलच काढतं. मी हे सांगते तेव्हा पोरं हसतात, मग करून बघतात.

गूळ, दूध, हळद घेतलं की विष उतरतं ना?

उतरत नाही. गूळ आवडतो तर खा. रक्त शुद्ध करणारी, शरीरातून तेल काढणारी म्हणून विकली जाणारी महागडी पाकिटं घेऊ नका. त्या पैशात दोन वेळा पीएफटी होते.

ह्यांचे कपडे मी घरी धुते. मला, मुलांना काही होईल का?

वहिनी, हा प्रश्न तुम्हीच विचारता, ह्यांना कधी सुचत नाही. कामाचे कपडे घरात आणूच नयेत, साइटवरच बदलून यावं. आणलेच तर पिशवीत बांधून बाहेर ठेवा, हातमोजे घालून वेगळे धुवा, मुलांच्या कपड्यांत मिसळू नका, आणि तेलाने भिजलेले असतील तर सरळ टाकून द्या. शर्टाची किंमत दोनशे रुपये. दिवस गेलेले असतील तर हे काम दुसऱ्याकडे द्या. बूट दाराबाहेर.

परत आल्यापासून ते चिडतात, झोपत नाहीत. हेही तेलामुळे?

असू शकतं. अलास्कातल्या गळतीनंतर वर्षभराने तिथल्या वस्त्यांची पाहणी झाली. ज्यांचा गळतीशी जास्त संबंध आला, त्यांच्यात सततच्या चिंतेचा विकार ३.६ पट आणि नैराश्य २.१ पट होतं. यात वाफेचा भाग किती आणि गेलेल्या रोजीरोटीचा किती, हे वेगळं काढणं अवघड. बायकोला नुसतं “टेन्शन घेऊ नका” म्हणायला सांगून भागत नाही. सयाजी हॉस्पिटलला मानसोपचाराची ओपीडी आहे, तिथे जाण्यात लाज कसली.

कुठल्या तपासण्या करायच्या? लघवीत बेन्झीन सापडतं म्हणतात.

सापडतं, पण काही तासांत निघूनही जातं. लघवीची ती खास तपासणी शिफ्ट संपता संपता केली तरच कामाची. घरी येऊन महिन्याने लॅबला दोन हजार मोजून “निल” आणलंत, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, आणि उद्या तोच कागद तुमच्याविरुद्ध दाखवतील.

जाण्याआधी आणि आल्यावर करायचं ते साधं आहे: सीबीसी, लिव्हर-किडनी, बीपी, साखर, पीएफटी, चाळिशीपुढे ईसीजी. मग वर्षातून एकदा तेच. आधीचा कागद महत्त्वाचा, कारण तुलनेला काही हवं. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआयचा, म्हणजे सरकारी कामगार विम्याचा, नंबर ठेकेदाराकडे मागा. ठेकेदाराचा माणूस असलात तरी तो हक्क आहे. गुंतागुंतीचं प्रकरण असेल तर अहमदाबादला मेघाणीनगरमध्ये आयसीएमआरची (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे. आपल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन जा.

नुकसानभरपाई मिळते का?

१९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत बेन्झीनमुळे होणारे आजार होते, आणि डांबर, खनिज तेल यांच्यामुळे होणारा त्वचेचा कॅन्सरही. २०२५ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही अशी यादी आहे. पण मेख पुढे आहे. आजार कामामुळेच झाला असं आपणहून धरायचं तर त्या प्रकारच्या कामावर सलग सहा महिने असावं लागतं. गळतीवर माणूस असतो पंधरा दिवस. मग संबंध तुम्हालाच दाखवावा लागतो, आणि तो दाखवायला लागतो कागद, जो कोणी दिलेला नसतो. एका ठेकेदाराकडे हजेरीपत्रक मागायला मी एका मुलाबरोबर गेले होते. शेठनी चहा पाजला, खूप गोड बोलले, आणि म्हणाले वही पावसात भिजली.

मी २०१७ मध्ये गेलो होतो. माझ्याकडे काहीच कागद नाही. आता काय करू?

मोबाइल शोधा. त्या दिवसांतले फोटो, लोकेशन, सुपरवायझरचे मेसेज, रोजी खात्यात आली असेल तर बँकेची नोंद, ट्रेनचं तिकीट. बरोबरच्या दोन माणसांकडून सही घेऊन ठेवा. आणि पुढच्या वेळी पहिल्या दिवसापासून साधी शंभर पानी वही. ठेकेदाराची भिजते, तुमची घरी कपाटात राहते.

वहीत लिहू तरी काय? आम्हाला लिहायची सवय नाही.

चार ओळी पुरतात. माझ्याकडे एका मुलाने आणलेली वही अशी होती, नाव आणि गाव काढून तशीच देते:

“सोमवार. सकाळी ७ ते संध्याकाळी ६. जेटीच्या खाली, बादलीने काळं तेल काढलं. वास फार. मास्क कपड्याचा. हातमोजे दुपारी फाटले, दुसरे नाही दिले. ३ वाजता डोकं, एकदा उलटी. बरोबर आम्ही नऊ जण. पाण्याच्या बाटल्या दोन.”